राखेखालचा विस्तव

२०१६ सालच्या जानेवारीचे शेवटचे दिवस होते. चेंबूरच्या आमच्या घरात पहाटे जाग आली ती वासाने. जळक्या प्लास्टिकचा, ओल्या चिंध्यांचा आणि त्या दोन्हींखाली कुजल्यासारखा आणखी कसला तरी वास. आईला दम्याचा त्रास. ती अंथरुणात उठून बसली होती. पदर नाकाशी धरून म्हणाली, "देवनार पेटलंय वाटतं."

आमच्या भागात हे वाक्य नवे नव्हते. लहानपणापासून वर्षातून दोन-चारदा ते कानावर पडायचे. खिडक्या लावायच्या, वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे आणि वारा फिरण्याची वाट पाहायची, एवढाच त्यावरचा उपाय. त्या खेपेला मात्र वारा फिरला तरी धूर हटेना. पूर्व उपनगरांतल्या पालिकेच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. मुंबईवर पसरलेला तो धुराचा पट्टा नासाच्या उपग्रहांनी टिपला आणि ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर 'आग विझली' अशी बातमी आली. आईने खिडक्या उघडल्या. मार्चमध्ये देवनार पुन्हा पेटले.

मी शहरांच्या इतिहासाची अभ्यासक. रस्ते, पूल, भराव, नळ यांच्या नोंदी धुंडाळणे हे माझे काम. पण ज्या डोंगराच्या धुरात मी वाढले, त्याचा इतिहास मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा मला पडलेला प्रश्न साधा होता : विझलेली आग पुन्हा पेटते, की ती मुळात विझलेलीच नसते? या प्रश्नामागे जाता जाता दुसरा, अधिक अवघड प्रश्न समोर आला. असा पेटता डोंगर बंद करायचा म्हणजे नेमके काय करायचे? त्याच्यावर माती ओढायची, की तो उपसून काढायचा? मुंबईने हे दोन्ही मार्ग वेगवेगळ्या ठिकाणी धरले आहेत. त्या दोन्हींची ही हकिकत.

प्लेगने शोधलेली जागा

मुंबईचा आणि कचऱ्याचा संबंध जुना आहे. सात बेटांची सलग जमीन करताना खाड्या बुजवल्या गेल्या. उमरखाडी, पायधुणी ही नावे त्या पाण्याची आठवण अजून धरून आहेत. दगड, माती, डोंगर फोडून निघालेला मुरूम यांच्याबरोबर शहराचा केरकचराही सखल भाग भरायला वापरला जाई. एकोणिसाव्या शतकात महालक्ष्मीच्या बाजूचा दलदलीचा पट्टा असाच भरत गेला. म्हणजे ज्या जमिनीवर आज घोडे धावतात आणि उंच इमारती उभ्या आहेत, तिच्या आसपास आपल्या खापरपणजोबांच्या घरचा केर आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि शहर हादरले. लोक लाखोंनी मुंबई सोडून गेले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर प्रशासनाच्या डोक्यात एकच कल्पना पक्की होती : घाण म्हणजे रोग. गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, घरांत फिनेल आणि कार्बोलिक शिंपडले गेले, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आणि शहराचा कचरा शहराबाहेर, शक्य तितक्या दूर न्यायचे ठरले.

ती दूरची जागा म्हणजे चेंबूरपलीकडचे देवनारचे खाजण. भरतीचे पाणी, तिवरांची झाडे, मिठागरे, थोडी भातशेती आणि कोळी-आगरी वस्ती असा तो मुलूख. शहरातून कचऱ्याच्या वाघिणी भरून आगगाडी तिथे जाऊ लागली. या 'कचरा गाडी'ची आठवण सांगणारी माणसे माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत होती. देवनारच्या जन्मसालाबद्दल मतभेद आहेत. जुन्या हकिकतींत १८९९ असे साल येते, तर पालिकेच्या अलीकडच्या कागदपत्रांत ही क्षेपणभूमी १९२७ पासूनची असल्याचे लिहिलेले असते. कोणतेही साल धरले तरी देवनार हे देशातल्या सर्वांत जुन्या चालू कचराभूमींपैकी एक ठरते.

सुरुवातीचा कचरा म्हणजे चुलीची राख, पालापाचोळा, भाजीचे देठ, शेण, खापऱ्या. तो कुजून मातीच होत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात प्लास्टिक आले, रबर आले, कृत्रिम धाग्यांचे कापड आले. खाजण भरून संपले, तेव्हा कचरा आडवा पसरण्याऐवजी उभा चढू लागला. १९६७ मध्ये मुलुंडची आणि १९७२ मध्ये गोराईची कचराभूमी सुरू झाली. तरी देवनार थांबले नाही. सुमारे १३२ हेक्टरांच्या त्या जागेवर बहुमजली इमारतीएवढे डोंगर उभे राहिले. आणि शहर वाढत वाढत त्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन टेकले. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या वस्त्या त्या कडेच्या. शहराच्या आतून उठवलेल्यांना इथे आणून बसवले गेले, तर १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली कितीतरी कुटुंबे आपण होऊन येऊन टेकली.

चूल, भट्टी आणि डोंगर

आता आगीकडे येते. कचऱ्याला वरून लागलेली आग आणि पोटात शिरलेली आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला पुस्तकांतून कळले, पण पटले ते आजीच्या चुलीमुळे.

कोकणातल्या आमच्या घरी रात्री स्वयंपाक आटोपला की आजी निखारे एकत्र करून त्यांवर राख ओढायची. वरून हात फिरवला तर राख कोमट लागे, पाहणाऱ्याला चूल विझली असे वाटे. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की आत लालबुंद विस्तव. राखेने आग विझत नाही, ती जपली जाते. हवा अगदी बेताने मिळाली की आग भडकत नाही आणि मरतही नाही. रायगडातल्या कातकऱ्यांची कोळशाची भट्टी हे त्याचेच मोठे रूप. लाकडे रचून त्यांवर पाला आणि माती लिंपायची, आत आग द्यायची आणि दिवसरात्र पहारा करायचा. कुठे भेग पडून हवा शिरली तर कोळशाची राख होते, म्हणून भेग दिसली की तिथे लगेच ओली माती थापायची. आग जपायला आणि आग मारायला लागणारी वस्तू एकच, माती. फरक फक्त किती, कशी आणि किती काळ, एवढाच.

कचऱ्याच्या डोंगरात हेच चालते. वरच्या थरांत हवा असते, तिथे कुजण्याची क्रिया उष्णता निर्माण करते. परसातला खताचा खड्डा उकरला की वाफ येते, ती हीच. खोल थरांत हवा नसते, तिथे जिवाणू मिथेन वायू तयार करतात. कचराभूमीतून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले तर ठिणगीसरशी भडका उडतो. डोंगराचे उतार उभे आणि उघडे असतील तर वारा खालच्या बाजूने आत शिरतो, गरम वायू वरून बाहेर पडतो आणि सगळा डोंगर धुराड्यासारखा ओढू लागतो. कचरा हा उष्णतेचा अत्यंत वाईट वाहक. आत तयार झालेली उष्णता बाहेर निघत नाही, साठत जाते. मग ज्वाळा न दिसता आत धुमसणे सुरू होते. ते ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत : काढलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढणे, आतले तापमान चढणे आणि पृष्ठभाग एकाएकी खचणे. जळून पोकळी झाली की वरचा थर खाली बसतो.

अशा आगीवर पाणी मारणे म्हणजे छत्रीवर पाणी मारणे. प्लास्टिकच्या पिशव्यांचे थरच्या थर पाणी आडवतात, पाणी आपल्या वाटा शोधून निघून जाते आणि तापलेली जागा कोरडीच राहते. जे पाणी आत पोचते ते काळे विषारी पाणी होऊन खाडीत उतरते. डोंगर उकरून पाणी मारावे, तर उकरताना हवा आत जाते. मार्च २०२३ मध्ये कोची शहराच्या ब्रह्मपुरम कचराभूमीला आग लागली, तेव्हा पोकलेन लावून कचऱ्याचे ढीग उलथत, प्रत्येक थर भिजवत जावे लागले. दहा-बारा दिवस ते शहर धुरात होते. उलट डोंगर न उघडता गुदमरवून मारायचा म्हटले तर वेळ लागतो, आणि तो दिवसांत मोजता येत नाही. अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या ब्रिजटन कचराभूमीच्या पोटात डिसेंबर २०१० मध्ये अशी उष्णता आढळली. तिथे जाड प्लास्टिकचे आच्छादन घातले, वायू आणि पाणी उपसणाऱ्या विहिरी खोदल्या, तरी दहा वर्षांनंतरही तो प्रश्न पुरता मिटलेला नव्हता.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. मार्चमध्ये देवनार पुन्हा पेटले यात नवल नव्हते. वरची राख थंड झाली म्हणून चूल विझली असे आपण धरून चाललो होतो.

कायद्यातली माती

कचऱ्यावर माती टाका, हे सांगायला या देशात कायदा यायला २००० साल उजाडावे लागले. त्यामागे बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांची १९९६ ची सर्वोच्च न्यायालयातली जनहित याचिका होती. न्यायालयाने समिती नेमली, समितीने १९९९ मध्ये अहवाल दिला आणि २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम आले. कचराभूमी बंद करताना तिच्यावर काय घालायचे हे त्या नियमांनी सेंटिमीटरमध्ये सांगितले : पाणी जवळजवळ न झिरपू देणाऱ्या चिकणमातीचा ६० सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी वाहून नेणारा १५ सेंटिमीटरचा थर, त्यावर झाडे-गवत उगवण्यासाठी ४५ सेंटिमीटर माती. आणि बंद केल्यानंतर १५ वर्षे देखरेख.

वाचायला हे सोपे वाटते. देवनारच्या निदान ११० हेक्टरांवर हे तिन्ही थर घालायचे म्हटले तर किती माती लागेल, याचा मी हिशेब करून पाहिला. एकूण जाडी १२० सेंटिमीटर, म्हणजे १३ लाख २० हजार घनमीटर. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तर १ लाख ३२ हजार खेपा. ही झाली सपाट जमिनीची गोष्ट, डोंगराचे उतार धरले तर आकडा वाढतो. एवढी माती आणायची म्हणजे कुठेतरी दुसरा डोंगर पोखरायचा. मुंबईच्या आसपास तसे डोंगर आता किती उरलेत?

गोराईची टेकडी

तरीही मुंबईने हे एकदा करून दाखवले आहे. बोरिवलीच्या गोराई खाडीकाठी १९.६ हेक्टर जागेवर १९७२ पासून कचरा पडत होता. २००७ पर्यंत तिथे सुमारे २३.४ लाख टन कचरा साठला होता आणि ढिगाची उंची २६ मीटरपर्यंत गेली होती. एका बाजूला तिवरांचे जंगल आणि खाडी, दुसऱ्या बाजूला दाट वस्ती. रहिवाशांच्या तक्रारी आणि न्यायालयाचे आदेश यांच्या रेट्याने २००७ च्या अखेरीस कचरा टाकणे थांबले आणि पुढच्या दोनेक वर्षांत ती जागा शास्त्रीय पद्धतीने बंद केली गेली.

काम कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. आधी उभे कडे कापून उतार सौम्य केले, कारण तीव्र उतारावर कोणतेही आच्छादन टिकत नाही, पहिल्या पावसात घसरते. मग पाणी न झिरपू देणारे आच्छादन, त्यावर माती, त्यावर गवत. पावसाचे पाणी आच्छादनावरूनच वाहून जावे म्हणून नाल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटातल्या वायूला वाट. डोंगरात विहिरी खोदून, नळ्या जोडून मिथेन ओढून घ्यायचा आणि एका धुराड्याच्या तोंडाशी जाळायचा. मिथेन तसाच हवेत सोडण्यापेक्षा जाळलेला बरा, कारण वातावरण तापवण्याची त्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक आहे. यातही एक मेख आहे. वायू फार जोराने ओढला तर त्याच्या जागी बाहेरची हवा आत शिरते आणि जी आग टाळायची तीच लागते. म्हणून ओढ किती ठेवायची हे रोज पाहावे लागते. कातकऱ्याचा पहारा इथेही चुकत नाही.

या कामाला पैसा आला तोही या वायूच्या हिशेबावर. क्योटो करारानुसार श्रीमंत देशांना गरीब देशांतली प्रदूषण-घट विकत घेता येत होती. आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने गोराईत पुढे जाळल्या जाणाऱ्या मिथेनच्या बदल्यात आगाऊ रक्कम दिली. आपल्या उकिरड्याला परदेशात भाव येतो, याचे तेव्हा कौतुक झाले. २०१२ मध्ये या कार्बन पतांचा भाव जवळजवळ शून्यावर आला आणि देशातल्या इतर कचराभूमींसाठी तो मार्ग बंद झाल्यात जमा झाला.

गोराईला मी पहिल्यांदा गेले ती २०१७ मध्ये, जेट्टीवरून बोटीने. पावसाळा नुकताच सरला होता. खाडीच्या काठाने हिरवीगार टेकडी दिसत होती, वर बगळे. शेजारच्या बाकावरच्या बाईंना मी विचारले, "ही टेकडी कसली हो?" त्या म्हणाल्या, "गार्डन असेल एखादं." आठ-नऊ वर्षांत एवढे विसरले गेले होते. मला आधी आनंद झाला. घरी येईपर्यंत त्या आनंदात काहीतरी खुपू लागले.

झाकणाखालची वाफ

का खुपले ते सांगण्यासाठी दोन उदाहरणे देते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लॉस्को गावी २४ मार्च १९८६ रोजी एक बंगला स्फोटाने उद्ध्वस्त झाला. घरातली माणसे जखमी होऊन वाचली. शोध घेतल्यावर कळले की जवळची जुनी कचराभूमी काही वर्षांपूर्वी माती घालून झाकली होती. वायूला वर जायची वाट बंद झाली, म्हणून तो खडकांच्या भेगांतून आडवा सरकत घरांखाली आला. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला आणि वायू जमिनीबाहेर ओढला गेला. झाकण चांगले होते, पण वाफेला भोक नव्हते.

दुसरे उदाहरण घरचे. मालाडच्या चिंचोली बंदर भागातली कचराभूमी या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि तिच्या परिसरात काचेच्या चकचकीत कार्यालयांचे संकुल उभे राहिले. काही वर्षांतच तिथल्या संगणकांतले तांब्या-चांदीचे बारीक भाग काळे पडून यंत्रे बिघडू लागल्याच्या बातम्या आल्या. कारण म्हणून बोट दाखवले गेले ते जमिनीतून येणाऱ्या गंधकयुक्त वायूकडे. देवघरातली चांदीची भांडी हवेने काळवंडतात तसाच हा प्रकार. माणसांनी वासाची तक्रार केली तर कोण विचारतो? यंत्रे बंद पडली तेव्हा जमिनीखाली काय आहे ते सर्वांना आठवले.

झाकायचे की उपसायचे

देवनारचे गणित गोराईपेक्षा वेगळे आहे. तिथल्या साठलेल्या कचऱ्याचा पालिकेने अलीकडे धरलेला अंदाज १८५ लाख टनांचा, म्हणजे गोराईच्या जवळपास आठपट. गोराईत एका हेक्टरवर सुमारे १.२ लाख टन कचरा होता, देवनारला तो सुमारे १.७ लाख टन भरतो. आणि गोराई बंद झाली तेव्हा तिथे नवा कचरा यायचा थांबला होता. देवनारवर मात्र गाड्या येतच होत्या. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालता येते, चालणाऱ्यावर कसे घालणार? या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस देवनारचा काही भाग बंद करून उरलेल्या जागेवर प्रक्रिया करण्याचे कंत्राट दिले गेले होते. ते वादात सापडून लवादापर्यंत पोचले आणि डोंगर होता तसाच राहिला.

२०१६ च्या आगीनंतर गोष्टी हलल्या. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरात नव्या इमारतींच्या परवानग्यांवर बंदी घातली. कचऱ्याची सोय नसेल तर कचरा करणारी नवी घरे नकोत, असा त्याचा सरळ अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांनी ती बंदी स्थगित केली. एप्रिल २०१६ मध्ये देशभरासाठी नवे घनकचरा नियम आले आणि त्यांत क्रम बदलला : जुन्या कचराभूमी आधी उपसून, चाळून मोकळ्या करता येतात का ते पाहा, ते शक्यच नसेल तर झाका. या उपसण्याला 'बायोमायनिंग' म्हणतात. ढीग फोडून लांब वरंबे घालायचे, जिवाणूंचे द्रावण फवारायचे, पुन्हा पुन्हा परतून वायू आणि ओल घालवायची, मग मोठ्या फिरत्या चाळण्यांतून माती, राडारोडा आणि जळाऊ प्लास्टिक वेगळे करायचे. प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांकडे, माती भरावाकडे. मुलुंडच्या ७० लाख टनांवर २०१८ पासून हाच प्रयोग चालला. २०२५ मध्ये देवनारसाठी सुमारे २,३६८ कोटी रुपयांची योजना आली : ११० हेक्टर, १८५ लाख टन, तीन वर्षे.

पुन्हा हिशेब केला. १८५ लाख टन तीन वर्षांत म्हणजे रोज साधारण १७ हजार टन. सगळी मुंबई मिळून रोज जेवढा कचरा करते त्याच्या दुपटीहून अधिक कचरा रोज उपसायचा, वाळवायचा, चाळायचा आणि दुसरीकडे न्यायचा. पावसाळ्याचे चार महिने ओला कचरा चाळण्यांतून पडत नाही, ते वेगळेच. आणि डोंगर उघडणे म्हणजे त्याला हवा देणे, हे आपण वर पाहिलेच. काम अशक्य आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्याची घाई पाहून मी थबकले. धारावीच्या पुनर्विकासातल्या घरांसाठी देवनारची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचे सरकारने ठरवले आहे. सव्वाशे वर्षे कुणालाही नको असलेली जमीन आता हवीशी झाली, म्हणून डोंगर हलणार आहे.

डोंगरावरची माणसे

२०१६ च्या आगीनंतर आणखी एक गोष्ट झाली. आग कुणी लावली याचा शोध सुरू झाला आणि बोट कचरावेचकांकडे, भंगारवाल्यांकडे वळले. तारांतले तांबे काढण्यासाठी प्लास्टिक जाळतात, हे खरे आहे. काहींना अटकही झाली. कुंपण, पहारेकरी, कॅमेरे आले आणि डोंगरावर जाणे बंद झाले. पण वरच्या ठिणगीने डोंगर आतून धुमसावा, यासाठी वर्षानुवर्षे न टाकलेली माती, न कापलेले उतार आणि न काढलेला वायू लागतो. ठिणगीचा माणूस सापडतो. न टाकलेल्या मातीचा माणूस सापडत नाही.

बैंगनवाडीत राहणाऱ्या, तीस वर्षे डोंगरावर वेचण्याचे काम केलेल्या एका आजींशी मी बोलले होते. मूळच्या जालन्याकडच्या. त्यांनी मला तापमापकाशिवायचे शास्त्र सांगितले. "ताई, धूर कुठून येतोय ते बघायचं न्हाई. धूर वाऱ्यानं लांबून निघतो. पाऊल टाकलं की भुसभुशीत लागलं, तिथून मागं फिरायचं. पाऊस पडून गेल्यावर जी जागा आधी सुकती, तिच्या खाली आग आसती." त्यांच्या पायावर पोटरीपर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. अग्निशमन दलाच्या लोकांनी कधी तुम्हाला विचारले का, असे मी म्हटल्यावर त्या हसल्या. "आमाला कोन इचारतंय? आमीच आग लावली म्हनत्यात."

ज्योती म्हापसेकरांच्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' या कार्यक्रमातून चेंबूर-गोवंडी भागातल्या अशा बायकांना संघटित केले, ओला कचरा जागच्या जागी जिरवण्याचे शिक्षण दिले. 'मुलगी झाली हो' या नाटकामुळे संघटनेचे नाव वाचकांना ठाऊक असेल, हे काम कदाचित कमी ठाऊक असेल. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेली 'निसर्गऋण' ही बायोगॅसची पद्धतही देवनारपासून हाकेच्या अंतरावर जन्मली. म्हणजे डोंगर वाढू नये याची विद्या डोंगराच्या पायथ्याशीच होती. ज्या एम-पूर्व विभागात हे सारे आहे, तिथले सरासरी आयुर्मान २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालाने ३९ वर्षांच्या आसपास नोंदवले होते. विद्या, धूर आणि हा आकडा एकाच वॉर्डात राहत होते.

सातबाऱ्यावरची एक ओळ

मग झाकायचे की उपसायचे? इतकी वर्षे या कागदांत घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की दोन्ही मार्ग योग्य ठरू शकतात आणि दोन्ही एकाच कारणाने फसतात. ते कारण म्हणजे काम पुरे झाले असे मानून पाठ फिरवणे. गोराईचे झाकण चांगले आहे, पण नियमांतली १५ वर्षांची देखरेख संपण्याची वेळ आता येऊन गेली. त्या टेकडीच्या पोटातले कुजणे कोणत्याही नियमाची तारीख पाहत नाही. देवनार उपसले गेले तरी तळाच्या खाजणात शतकभर मुरलेले पाणी आणि वायू चाळणीतून निघणार नाहीत. त्या जमिनीवर घरे उभी राहतील, आणि त्यांत राहणारे लोक शहरातल्या आणखी एका वस्तीतून उठवून आणलेले असतील.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. जमिनीवर कुणाचा बोजा आहे, कुणाची वहिवाट आहे, विहिरीत कुणाचा हिस्सा आहे, ते तिथे लिहिले जाते. शहरात त्याच्या जागी मालमत्ता पत्रक असते. बँकेचे चार लाखांचे कर्ज जर तिथे नोंदले जाते, तर जवळजवळ शंभर वर्षांचा किंवा सव्वाशे वर्षांचा कचरा का नोंदला जाऊ नये? देवनार, गोराई, मुलुंड, मालाड आणि राज्यातल्या प्रत्येक बंद कचराभूमीच्या पत्रकावर एक ओळ असावी : या जमिनीखाली कचरा होता, तो अमुक सालापासून अमुक सालापर्यंत टाकला गेला, अमुक साली झाकला किंवा उपसला, आणि वायूची शेवटची मोजणी अमुक दिवशी झाली. घर घेणाऱ्याला ती वाचता यावी आणि शेवटची तारीख जुनी असेल तर त्याने विचारावे. महालक्ष्मीच्या भरावाची अशी ओळ कुणी लिहिली नाही. मालाडची लिहिली असती तर संगणकांना साक्ष द्यावी लागली नसती.

आई आता ऐंशीची झाली. संध्याकाळी वारा पूर्वेकडून आला की ती अजून खिडकीशी जाऊन उभी राहते आणि हवा हुंगते. काही वास नसला तरी लगेच परत फिरत नाही, थोडा वेळ थांबते. आजीदेखील सकाळी चुलीत पाणी ओतण्याआधी राखेवर असाच हात धरायची.